माझा माइक सात महिन्यांपासून 'बिघडलेला' आहे

बोरीकाठचा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. तीन वर्षांपासून इथे नुसता वाचतोय. लिहितोय पहिल्यांदाच, ते पण रात्री दीड वाजता, तेव्हा चुकभूल सांभाळून घ्या.

मी पारोळा तालुक्यातला. घरी कपाशी आणि थोडा मका. इंजिनिअरिंग जळगावला झालं, दीड वर्षापासून हिंजवडीत एका कंपनीत आहे. काम येतं. खोटा मोठेपणा नाही, अडलेलं काम माझ्याच टेबलावर येतं. पण बोलता येत नाही.

सुरुवात कुठून झाली ते मला नेमकं माहीत आहे. पहिल्याच महिन्यात डबा खाताना गावाकडचा विषय निघाला. मी सांगत होतो की नाल्याला पूर आला की आमची शाया चार दिवस बंद राहायची. "काय बंद राहायची?" एकाने विचारलं. मी पुन्हा म्हटलं, शाया. सगळं टेबल हसलं. त्यांच्या मनात वाईट नसेलही. पण दुसऱ्या दिवसापासून माझं नाव 'शाया' पडलं. "शाया, चहाला येतो का?" मीही हसायचो. न हसलो तर आणखी लक्षात राहील, असा माझा हिशेब.

तेव्हापासून शब्द तोंडातून निघायच्या आधी मी त्यातला 'ळ' तपासतो. केळी, फळा, वेळ, काळजी. तपासून होईपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. हळूहळू हिंदीतही तेच झालं, इंग्रजीत तर विचारूच नका. रोज सकाळी दहाला ऑनलाइन मीटिंग असते, काल काय केलं आणि आज काय करणार एवढंच सांगायचं, अर्ध्या मिनिटाचं काम. माझा नंबर आला की मी चॅटमध्ये टाइप करतो, 'माइक बिघडलाय'. सात महिने झाले. शेवटी मॅनेजर म्हणाले, नवा हेडफोन मागवून घे, कंपनी देईल. तो आला. खोका अजून फोडलेला नाही.

आठ हजार भरून स्पोकन इंग्लिशचा क्लास केला. तिथे बोलता येतं, कारण तिथे सगळेच अडखळतात. ऑफिसात आलं की जैसे थे. रविवारी संध्याकाळपासून पोटात गोळा येतो. दरवर्षीच्या मूल्यमापनात 'संवादकौशल्य' या रकान्यात सगळ्यात कमी गुण आहेत, आणि ज्याचं काम मी दुरुस्त करून देतो तो पुढे गेला.

घरी सांगावं तर आई फोनवर विचारते, "जेवना का भो?" मी म्हणतो, "हाव." झालं. वडील विचारतात, तिकडे पाऊस आहे का.

हा न्यूनगंड आहे की आजार? यावर खरंच काही करता येतं का? 'आत्मविश्वास ठेव' सोडून काहीही सांगा.

---

विजयीभव

मित्रा, नकारात्मक विचार सोड! सकाळी आरशासमोर उभं राहून २१ वेळा म्हण, "मी यशस्वी आहे, मी उत्तम वक्ता आहे." मी केलंय, आयुष्य बदललं. जसा विचार तसा माणूस.

---

भुसावळ_जंक्शन

विजयीभव, त्याने शेवटच्या ओळीत काय लिहिलंय ते वाचलंत का हो?

बोरीकाठच्या भाऊ, मी रेल्वेतून निवृत्त. नोकरी लागली तेव्हा साहेबाचा फोन आला की मी उभा राहायचो. फोनवर! समोर कोणी नाही, तरी उभा. पाच-सहा वर्षं तरी उभाच राहिलो. कधी बसायला लागलो ते कळलंही नाही. तुमचा खोका वाचून ते आठवलं. बाकी सल्ला जाणकार देतील.

---

मनोवाटा

मी धुळ्यात समुपदेशनाचं काम करते, मानसशास्त्रात शिक्षण झालं आहे. धाग्यावरून निदान करणार नाही, कुणी करू पण नये. पण तुम्ही लिहिलेलं इतकं स्वच्छ आहे की काही गोष्टी सांगता येतील.

आधी आरशाचं. २००९ मध्ये जोआन वुड आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास आला होता. स्वतःबद्दल मत कमी असलेल्या लोकांना 'मी प्रेम करण्याजोगा माणूस आहे' असं वाक्य मनात घोळवायला सांगितलं, तर त्यांना बरं वाटण्याऐवजी आणखी वाईट वाटलं. ज्यांचं स्वतःबद्दल मत आधीच चांगलं होतं त्यांना थोडा फायदा झाला. म्हणजे विजयीभव यांना उपयोग झाला असेल, मी खोटं म्हणत नाही. पण ज्याला आतून वाक्य पटत नाही, त्याचं मन लगेच पुरावे काढून दाखवतं: उत्तम वक्ता? मग माइकचं काय?

आता तुमचं. 'ळ' तपासणं, चॅटमध्ये टाइप करणं, हसण्यात सामील होणं, या बचावाच्या युक्त्या आहेत. प्रत्येक युक्तीने त्या दिवसापुरती सुटका होते, म्हणूनच ती सवय होते. आणि सुटका झाली की मन नोंद करतं, 'बोललो नाही म्हणून वाचलो'. बोललो असतो तर काय झालं असतं हे तपासायची संधीच मिळत नाही. सात महिने तुम्ही भीतीला रोज सकाळी दहा वाजता खुराक घातलाय. क्लासमध्ये बोलता येतं याचा अर्थ कौशल्य आहे. अडलंय ते कौशल्याच्या अलीकडे.

दुसरी गोष्ट, आपल्याला वाटतं तितकं आपल्याकडे लोकांचं लक्ष नसतं. अमेरिकेत २००० साली एक गमतीदार प्रयोग झाला. विद्यार्थ्याला लाज वाटेल अशा एका गायकाचा चेहरा छापलेला टीशर्ट घालून भरलेल्या खोलीत पाठवलं. त्याला वाटलं, निम्म्या लोकांनी तरी पाहिला असेल. विचारलं तर साधारण पाव लोकांच्याच लक्षात होता. तुमच्या टेबलावर 'शाया' म्हणणारे किती आणि नुसते जेवणारे किती, एकदा मोजून पाहा.

करायचं काय? भीतीच्या पायऱ्या पाडायच्या आणि सगळ्यात खालच्या पायरीपासून सुरुवात. थेट मीटिंग नको. आधी एका विश्वासाच्या सहकाऱ्याला मेसेजऐवजी फोन. मग दोघातिघांच्या कॉलवर एक प्रश्न विचारायचा. मग दहाच्या मीटिंगमध्ये फक्त "आज हे करतोय" एवढं एक वाक्य, आणि ते पाठ न करता. प्रत्येक वेळी आधी वहीत लिहा: काय होईल असं वाटतंय. झाल्यावर लिहा: काय झालं. दोन रकाने. छाती धडधडेल, ती थांबायची वाट पाहू नका, धडधडतीसकट बोला. एकेका पायरीवर भीती कंटाळून खाली येईपर्यंत राहायचं.

रविवारचा गोळा, झोप आणि कामावर परिणाम हे सगळं सहा महिन्यांहून जास्त चाललंय, त्यामुळे एकदा प्रत्यक्ष कुणाला तरी भेटाच. लोकांसमोरची तीव्र भीती हा बरा होणारा त्रास आहे. काहींना नुसत्या बोलण्याच्या उपचाराने पुरतं, काहींना सोबत गोळी लागते. गोळीचा गुण यायला काही आठवडे जातात आणि ती मनाने बंद करायची नसते.

---

कपाशीवाला

राग मानू नका, पण हे पोट भरल्यावरचं दुखणं आहे. महिन्याला पगार, डोक्यावर पंखा, आणि बोलता येत नाही म्हणून डॉक्टर? आमच्या वेळी कुणी नाव ठेवलं तर आम्ही दोन ठेवायचो. विषय संपला. इकडे बोंडअळीने कपाशी खाल्ली, त्याचा धागा कुणी काढत नाही.

---

शब्दवेडी

मी फक्त 'शाया'वर लिहिणार, कारण तिथे माझं डोकं फिरलंय.

'ळ'च्या जागी 'य' येणं ही चूक नाही, तो नियम आहे. डोया, काया, शाया, केयी. अहिराणीत आहे, तिकडे रावेर-यावलच्या लेवा बोलीतही आहे. एकाच वळणाने लाखो लोक शतकानुशतकं बोलतात त्याला उच्चारदोष म्हणत नाहीत. ग्रिअर्सन या इंग्रज अधिकाऱ्याने शंभरेक वर्षांपूर्वी भारतातल्या भाषांची पाहणी केली तेव्हा खान्देशी (अहिराणी त्यातच येते) मराठीत न घालता भिली भाषांबरोबर मांडली होती. २०११ च्या जनगणनेतही खान्देशी मराठीपेक्षा वेगळी मोजली आहे, अठरा लाखांहून जास्त लोकांची. म्हणजे बोरीकाठचा दोन भाषा बोलतो, हिंदी-इंग्रजी धरून चार. हसणारे किती बोलतात?

आणि जळगावच्या विद्यापीठाला २०१८ मध्ये नाव दिलं ते बहिणाबाईंचं. लिहिता-वाचता न येणारी बाई. तिच्या बोलीतही 'ळ'चा 'य'च होता. तिची पदवी घेऊन तू पुण्यात गेलास आणि तिचाच उच्चार लपवतोस!

(हे वाचून त्याचा पोटातला गोळा जाणार नाही, कळतं मला. पण लिहिल्याशिवाय राहवेना.)

---

लेकीची_आई

शब्दवेडी, तुमचं वाचून मला जरा अपराधी वाटतंय. माझी मुलगी आठवीत, आम्ही धुळ्यातच राहतो. ती आजीशी अहिराणीत बोलली की मी टोकते. "नीट बोल, लोक गावंढळ म्हणतील." हे मीच म्हणते, आणि स्वतः आईशी फोनवर अहिराणीतच बोलते. शिवाय घरात कुणाचं काही सांडलं की 'बयताड' (वेडपट) हा शब्द ठरलेला. सासरे म्हणतात, नवरा म्हणतो, मी पण. प्रेमाने म्हणतो असं आम्हाला वाटतं.

परवा शाळेत निबंध वाचायला उभं राहायचं होतं तर तिने पोट दुखतंय म्हणून दांडी मारली. मी तिला ओव्याचं पाणी दिलं.

---

मनोवाटा

लेकीच्या आई, पोट खरंच दुखत असेल हो. भीतीने पोट दुखतं, नाटक नसतं ते. तिला उलटतपासणी करू नका. निबंध आधी आजीला वाचून दाखवू दे, अहिराणीत समजावून सांगू दे. टोकायचं थांबवलंत तरी अर्धं काम झालं. एवढ्या वयात मूल दोन भाषांमधली अदलाबदल स्वतः शिकतं, कुठे कोणती वापरायची ते त्याला कळतं. 'एक चांगली, एक लाजेची' एवढं मात्र शिकवायचं नाही.

---

आशाताई_शहादा

मी आशा कार्यकर्ती आहे, शहादा तालुक्यात. कपाशीवाले भाऊ, तुमच्याशी बोलायचंय.

तेरा वर्षं घरोघरी फिरतेय. 'डिप्रेशन' हा शब्द गावात एकाही माणसाच्या तोंडून ऐकला नाही. लोक म्हणतात 'कसंतरी व्हस', 'कशात जीव लागत नही', छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटतं, डोकं जड, मुंग्या येतात. बाई सांगते तेव्हा तिला रक्ताच्या गोळ्या देतात. माणूस सांगतच नाही. तो ओट्यावर बसून राहतो, मग संध्याकाळी दारूच्या दुकानाकडे निघतो, आणि घरचे म्हणतात बाहेरचं झालंय. आधी भगत, मग दुसरा भगत, मग कोंबडं-नारळ, आणि पैसे संपले की दवाखाना. मी भगताला शिव्या देत नाही. तो माणसाचं ऐकून तरी घेतो. पण मी सांगते, तिकडे जा आणि माझ्यासोबत इकडे पण या.

आम्हाला दोन प्रश्न विचारायला शिकवलंय. गेल्या दोन आठवड्यांत, नेहमी जे करायला आवडतं त्यात रस राहिला नाही असं किती दिवस झालं? आणि उदास, निराश वाटणं किती दिवस झालं? इतकेच. हे दोन प्रश्न विचारले की गडी माणसं आधी हसतात. मग काही जण हसायचे थांबतात.

पोट भरलेलं असो की रिकामं, भाऊ, हे कुणालाही होतं. पगारवाल्याला लाज वाटते की मला कशाचं दुःख. शेतकऱ्याला वाटतं की माझ्या दुःखाला तर कारण आहे, मग उपचार कसला. दोघं घरीच राहतात.

---

विजयीभव

ताई, नमस्कार. मी माझा सल्ला मागे घेत नाही, पण २१ वेळा लिहिलं ते जरा जास्त झालं.

---

भुसावळ_जंक्शन

सात वेळा चालेल. 😄

---

कपाशीवाला

आशाताई, दोन्ही प्रश्नांचं उत्तर जास्त दिवस असं आलं.

काल लिहिलं ते रागात लिहिलं. तीनला जाग येते ती येतेच. मग शेतात चक्कर मारतो. बैलांशी बोलतो. बायको म्हणते चिडचिड वाढली. पोरं मी घरात आलो की खोलीत जातात, आधी वाटायचं अभ्यासाला जातात.

कुठे जायचं असतं? तालुक्याला गेलो तर कुणीतरी ओळखीचा भेटतोच. गावात कळलं तर पोरीच्या लग्नाचं आहे.

---

आशाताई_शहादा

भाऊ, तुम्ही लिहिलंत ते बरं केलं. आधी एक विचारते, सरळ विचारते: जगून काय उपयोग, मेलेलं बरं, असं मनात येतं का? येत असेल तर उद्याची वाट पाहू नका. आत्ता १४४१६ लावा. टेली-मानसचा नंबर, सरकारचा आहे, पैसे लागत नाहीत, रात्रीही लागतो, मराठीत बोलतात. फवारणीची औषधं घराबाहेर, भावाकडे ठेवा, चावी त्याच्याकडेच राहू द्या. आम्ही सगळ्यांनाच सांगतो, तुम्हालाच नाही.

---

कपाशीवाला

एकदोनदा आलं होतं. आज नाही. नंबर लिहून घेतला. औषधाच्या बाटल्या धाकट्याच्या गोठ्यात नेऊन ठेवतो.

---

मनोवाटा

कपाशीवाले दादा, ओळखीचं कुणी भेटेल याची भीती असेल तर धुळ्याला या. भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मनोविकार विभाग आहे. केसपेपर बाकी सगळ्यांसारखाच निघतो, रांगेत तुमच्यापुढे मधुमेहाचा असेल आणि मागे पाठदुखीचा. डॉक्टरांनी तुमची माहिती गुप्त ठेवणं हा २०१७ च्या कायद्याने तुमचा हक्क आहे. थायरॉइड, बी १२, रक्त हेही तपासून घेतील, कारण त्यानेही असं होतं. वहिनींना सोबत आणा. त्यांनी चिडचिड पाहिली आहे, तुम्ही ती आतून पाहिली आहे, डॉक्टरला दोन्ही लागतं.

---

शब्दवेडी

मी चार दिवस या धाग्यावर येऊन नुसती बसतेय. लिहायला काही नाही. कपाशीवाले दादा, कळवा.

---

लेकीची_आई

दरम्यान आमच्या घरी 'बयताड' म्हणणाऱ्याने डब्यात पाच रुपये टाकायचे असं ठरलं. पहिल्या आठवड्यात ९५ रुपये जमले. त्यातले साठ सासऱ्यांचे. लेक हिशेब ठेवते आणि खड्या आवाजात वसुली करते, तेव्हा पोट अजिबात दुखत नाही तिचं.

---

बोरीकाठचा (धागाकर्ता)

पाच आठवड्यांनी येतोय. सगळ्यांचे प्रतिसाद दोन-दोनदा वाचले.

मनोवाटाताई, वही केली. पहिल्या पायरीलाच चार दिवस लागले. सहकाऱ्याला फोन लावला, त्याने उचलला नाही, मला इतकं हायसं वाटलं की त्याचंच वाईट वाटलं. पुढच्या वेळी त्याने उचलला. 'काय होईल' या रकान्यात लिहिलं होतं: हसेल. 'काय झालं'मध्ये लिहिलं: त्याचं मूल मागे रडत होतं, त्याला माझं अर्धं ऐकूच आलं नाही.

अठराव्या दिवशी खोका फोडला. मीटिंगमध्ये एक वाक्य बोललो. 'वेळ' हा शब्द 'वेय' असाच गेला. कुणी काही बोललं नाही. मॅनेजर म्हणाले, नेक्स्ट. इतकंच. सात महिने ज्याला घाबरलो तो हा 'नेक्स्ट'. सगळं सोपं झालं असं नाही. त्याच्या पुढच्या आठवड्यात क्लायंटच्या कॉलवर मधेच आवाज गेला, हात थरथरले, परत चॅट. पुण्यातच एका समुपदेशकाकडे जातोय, दर शनिवारी. गोळी अजून नाही.

जेवणाच्या टेबलावर ज्याने नाव पाडलं त्याला बाजूला घेऊन सांगितलं, मला नावाने हाक मार. तो गोंधळला. म्हणाला, अरे मला वाटलं तुला आवडतं, तूच हसायचास. यावर काय बोलावं ते अजून कळलेलं नाही. आता तो नावाने बोलावतो, दुसरा एक जण अजून 'शाया'च म्हणतो.

आणखी एक. शब्दवेडीताईंचं वाचल्यावर रविवारी वडिलांना फोन केला आणि पाऊस-पाण्याचं विचारलं नाही. विचारलं, "आबा, तुम्हले कधी बोलाची लाज वाटनी का?" बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "काय व्हयनं? पैसा लागतस का?" मी म्हटलं, नाही, असंच. मग सांगायला लागले. लग्नाआधी पहिल्यांदा नाशिकला गेले होते, कांद्याच्या गाडीसोबत. हॉटेलात बसले तर पोऱ्याने धडाधड पदार्थांची नावं सांगितली, त्यातलं एकही कळलं नाही. पुन्हा विचारायची लाज. शेजारच्या माणसाकडे बोट दाखवून म्हणाले, "तेले जे दिधं, ते मले बी दे." चोवीस वर्षांत हे मला कधी सांगितलं नव्हतं. आईलाही माहीत नव्हतं, ती मागून ओरडत होती, "कधी गयथात तुम्ही नाशिकले?"

बावीस मिनिटं बोललो. याआधीचा विक्रम तीन मिनिटांचा असेल.

---

कपाशीवाला

धुळ्याला जाऊन आलो, दोन वेळा. बायको सोबत होती. गोळी सुरू आहे, तोंड कोरडं पडतं, झोप पाचपर्यंत लागते. पोरीला सांगितलं, ती म्हणाली माहीत होतं.

बोरीकाठच्या, तुला बोललो ते मनावर घेऊ नको.

---

बोरीकाठचा (धागाकर्ता)

नाना, नाही घेतलं. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) गावी येतोय. पारोळ्याहून तुमच्याकडे किती लांब?

---

भुसावळ_जंक्शन

ते राहू द्या. नाशिकला शेजारच्याला काय दिलं होतं ते सांगा आधी.

---

बोरीकाठचा (धागाकर्ता)

मिसळ. फार आवडली म्हणे. पण पाव संपले, रस्सा उरला, आणि ज्याच्याकडे बोट दाखवून पाव मागायचे तो शेजारचा तोवर उठून गेला होता.